कवडसा की तिरीप?

जळगावहून प्रश्न
तैलरंग शिकतेय. सध्या एमॅन्युएल डे विट्टे या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं एक चर्च बघून काढतेय. उंच खांब, उघडी कबर, एक कुत्रा. रंग कालवण्याआधी कुठे काय आहे ते वहीत लिहायची सवय आहे. लिहिलं, "उजवीकडून तिरीप येते", आणि हातही तसाच चालला. खिडकीपासून फरशीपर्यंत पांढरा तिरका पट्टा ओढून मोकळी झाले. मूळ चित्रात असा पट्टाच नाही! उजेड आहे तो खांबावर नि फरशीवर, मधल्या हवेत काहीच नाही. शब्द चुकला की मी? शिवाय 'अंधूक चर्च' लिहिलं तर मैत्रीण हसली.

धुळे
क्रियापद बघा. तिरीप येते, कवडसा पडतो. थंडीत आपण तिरीप बघून ओट्यावर बसतो. ती उन्हाची, तिला दिशा असते. कवडसा जिथे पडला तिथला. तुमच्या चित्रात तो पडलाय.
मैत्रीण हसली ते बरोबरच. मोतीबिंदू झाला की अंधूक दिसतं. उजेड अंधूक म्हटला तरी चालतो, दिवा मंद किंवा मिणमिणता. जागा मात्र अंधारी.

अमळनेर
धुळेकरांचा नियम पुरता पटत नाही. आमचं घर धाब्याचं. धूर जायला नि उजेड यायला छताला साणं होतं. दुपारी त्यातून वीतभर कवडसा पडायचा आणि चुलीपासून रांजणाकडे सरकत जायचा. आजीचं घड्याळ तेच. पण चूल पेटली की धुरात छतापासून जमिनीपर्यंत अख्खा सोट दिसे, त्यालाही आम्ही कवडसाच म्हणायचो. धूर नसला की सोट गायब, खाली नुसता ठिपका. तुमच्या चर्चमध्ये धूर आहे का?

जळगाव
नाही! हे डोक्यातच आलं नव्हतं. ही चर्चं प्रोटेस्टंटांची. मूर्ती गेल्या, भिंतींना चुना लागला, धूपही बंद. सोट दिसणार कशात?
त्या चुन्याने वेगळंच छळलंय. खांब पांढरा आहे हे माहीत, म्हणून हात सारखा पांढऱ्या ट्यूबकडे जातो. पण चित्राच्या प्रिंटवर बोट ठेवून पाहिलं तर सावलीतला 'पांढरा' खांब माझ्या बोटापेक्षा गडद. तो बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गर्द निळा) यांत चिमूटभर पांढरा घालून जमला. काळी ट्यूब उघडलीच नाही.

भुसावळ
आरशाने पाडतात तोही कवडसाच, तिथे ऊन तिरपं असो नसो. अजिंठ्याला लेण्यात उजेड न्यायला पूर्वी बाहेर आरसा धरत. तिथल्या भिंतींवरची चित्रं रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 पासून कित्येक वर्षं तैलरंगात उतरवली, आणि त्यातली बरीचशी 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. बिचाऱ्याची कबर आमच्या गावात आहे. म्हणून एक आगाऊ सूचना: तुम्ही करताय तिला 'प्रत' म्हणा. नक्कल परीक्षेत करतात.

धुळे
धुराचा मुद्दा मान्य. तरी 'कवडसा येतो' असं मी म्हणणार नाही.

जळगाव
'प्रत' घेतली. पट्टाही काढून टाकला. खालचा अंबर दोन दिवसांत वाळला होता, वरचा पांढरा चौथ्या दिवशीही ओलाच (जवसाचं तेल, आपल्या चटणीतल्याच जवसाचं, ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं), त्यामुळे फडक्याने पुसला तर खालच्याला धक्काही लागला नाही. वहीत खोडून लिहिलंय: "उजवीकडून कवडसा पडलाय. खांबावर, फरशीवर, थोडा कुत्र्याच्या पाठीवर."