जाळ्यातली नागमोडी सही
कोळी स्वतःच्याच जाळ्याला का चिकटत नाही, असा प्रश्न पडतो. मुळात सगळे धागे चिकट नसतातच. मधून बाहेर जाणारे आरे कोरडे. चिकट असतो तो गोल फिरणारा धागा. तोही सगळ्यात शेवटी येतो. आधी कोरड्या धाग्याचं तात्पुरतं वेटोळं, मग बाहेरून आत येताना ते काढत काढत चिकट धागा. गवंड्याची परांचीच म्हणा ना!

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पावसाळा सरताना सिग्नेचर स्पायडर, म्हणजे जाळ्यात सहीसारखी नक्षी विणणारा कोळी, पाहिलाय. मधोमध, डोकं खाली, पाय जोडीजोडीने फुलीसारखे. ती मादी. नर इतका बारका, की पिल्लूच वाटतं. जाळ्यातली पांढरी नागमोडी नक्षी कशाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही: भक्ष्याला भुलवायला किंवा पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून. मला दुसरं पटतं.