स्टॉपवॉच हातात असलेल्या इंटर्नशी ऑपरेटर मोकळेपणाने कसे बोलतील?

प्रश्न : अंबडमधील प्रशिक्षणार्थी

मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि सध्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप करीत आहे. सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कातणाऱ्या यंत्रावर) एका जॉबला, म्हणजे एका सुट्या भागाला, प्रत्यक्ष किती वेळ लागतो याच्या नोंदी करून त्यांचा अहवाल द्यायचा, असे काम माझ्याकडे सोपवले आहे. तेथील माणसे मनाने चांगली आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे करतात, घरची विचारपूस करतात. परंतु मी स्टॉपवॉच आणि तक्ता घेऊन मशीनजवळ उभी राहिले की बोलणे थांबते, कामाचा वेग मंदावतो आणि काही विचारले तर "साहेबांना विचारा" एवढेच उत्तर मिळते. यांपैकी बरेच जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. नुसते गोड बोलून माहिती काढून घेणे मला पटत नाही. त्यांचा विश्वास बसावा आणि माझ्या नोंदीही खऱ्या असाव्यात, यासाठी मी कसे वागावे?

प्रतिसाद : सीएनसी ऑपरेटर, सातपूर

ताई, राग तुमच्यावर नाही. आज तुमच्या तक्त्यात लिहिलेला वेळ उद्या आमच्यासमोर टार्गेट म्हणून येतो, हा अनुभव शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाने घेतलेला असतो. तुम्ही काही आठवड्यांनी कॉलेजला परत जाल. त्या आकड्यावर काम मात्र आम्हाला करायचे असते.

शक्य झाल्यास एक पूर्ण शिफ्ट घड्याळ बाजूला ठेवून फक्त पाहा. लांब चिप, म्हणजे कातलेल्या धातूची पट्टी, निघू लागली की ती जॉबभोवती गुंडाळली जाते. मग मशीन थांबवून, दार उघडून, हुकने ती सोडवावी लागते. इन्सर्ट (धातू कापणारा छोटा तुकडा) झिजला की तो बदलायचा, ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरायची, पुढचा जॉब मायक्रोमीटरने मोजायचा आणि माप बसले तरच पुढे जायचे. कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) एखाद्या लॉटमध्ये कातायचे मटेरियल जास्त असते, तेव्हा हे सारे वारंवार करावे लागते. मशीनच्या पडद्यावरच्या सायकल टाइममध्ये, म्हणजे एका जॉबच्या कटिंगच्या वेळेत, यातले काहीच दिसत नाही. तुमच्या तक्त्यात या कामांसाठी स्वतंत्र रकाने दिसले, तर समोरचा माणूस आपण होऊन सांगू लागेल, कारण त्याची ही मेहनत सहसा कोणी लिहून घेत नाही. विचारायचे ते मात्र मशीन थांबलेले असताना विचारा. कटिंग चालू असताना त्याचे सारे लक्ष आवाजाकडे असते.

प्रतिसाद : निवृत्त औद्योगिक अभियंता, नाशिक रोड

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. आपल्यासमोरचा अबोला नवा नाही. अमेरिकेतील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात 1911 च्या ऑगस्टमध्ये एका मोल्डरने (ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराने) स्टॉपवॉचखाली काम करण्यास नकार दिला, त्याला कामावरून काढण्यात आले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम बंद केले. पुढे या पद्धतीची चौकशी अमेरिकी संसदेच्या समितीने केली. तेव्हा आपल्याला मिळणारे तुटक उत्तर हा उद्धटपणा आहे असे कृपया समजू नका.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. घड्याळाने मोजलेला वेळ हा प्रमाण वेळ, म्हणजे त्या कामासाठी ठरवून दिलेला वेळ, नसतो. मोजलेल्या वेळेला कामाच्या गतीचे मूल्यांकन लावून सामान्य वेळ काढतात आणि त्यात वैयक्तिक गरजा, थकवा व अटळ विलंब यांच्या सवलती मिळवल्यावरच प्रमाण वेळ ठरतो. ही गोष्ट ऑपरेटरांना सहसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून घड्याळ म्हणजे केवळ पळवण्याचे साधन असा त्यांचा समज होतो. आपण तक्ता त्यांच्यासमोर ठेवून हा हिशेब साध्या मराठीत समजावून सांगा. ते कुठे बोट ठेवतात ते पाहा. तेथेच बहुधा आपली नोंद अपुरी असेल.

दोन बाबतींत मात्र काटेकोर राहा. अहवालात कोणत्याही ऑपरेटरचे नाव घालू नका; नोंद कामाची असते, माणसाची नव्हे. आणि "तुमचे टार्गेट वाढणार नाही" असे आश्वासन कधीही देऊ नका. तो निर्णय आपल्या हातात नाही आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. असे एक पोकळ वाक्य आपल्या सगळ्या चांगल्या वागण्यावर पाणी फिरवील. "मी जे पाहिले तेच लिहीन आणि देण्याआधी तुम्हाला दाखवीन" एवढेच सांगा आणि शब्द पाळा. तत्पूर्वी तसे दाखवण्याची परवानगी आपल्या मार्गदर्शक अभियंत्यांकडून घेणे आवश्यक आहे.

प्रतिसाद : मनुष्यबळ विभाग, सिन्नर

एक मुद्दा जोडते. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात अनेकदा अंतर असते आणि चहाच्या वेळी बसण्याच्या जागाही वेगळ्या असतात. आपण दोन्हीकडे बसावे. एका ठिकाणी ऐकलेले दुसऱ्या ठिकाणी बोलू नये, मग ती गोष्ट सुपरवायझरविषयीची का असेना. दादा, काका, मावशी या हाका आपल्याकडे सहज चालतात. मात्र हीच माणसे अधिकाऱ्यांसमोर असताना त्यांचा एकेरी उल्लेख होऊ देऊ नये. साफसफाई करणाऱ्या मावशींनाही ‘अहो’ म्हणणारी मुलगी सर्वांच्या लक्षात राहते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रकाने वाढवून नवा तक्ता तयार करीत आहे. मार्गदर्शकांनी अहवाल दाखवण्यास नकार दिला, तर काय करावे?

निवृत्त औद्योगिक अभियंता

तर पूर्ण अहवाल दाखवू नका. परंतु त्या दिवसाचा कच्चा नोंदतक्ता शिफ्ट संपताना संबंधित ऑपरेटरला वाचून दाखवता येईल का, असे मार्गदर्शकांना वेगळे विचारा. यास सहसा हरकत घेतली जात नाही. तेही नाकारले गेले, तर ऑपरेटरला तसे स्पष्टपणे सांगा आणि निदान नोंद करतानाच तक्ता त्याला दिसेल अशा बाजूला उभ्या राहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टच्या नोंदीही अवश्य घ्याव्यात. रात्री देखभाल विभागाचे लोक कमी असतात, त्यामुळे तोच बिघाड दुरुस्त होण्यास जास्त वेळ जातो, आणि ते केवळ दिवसाच्या नोंदींत उतरणार नाही.