मदत हवी आहे : गोधडीची गोष्ट कार्डावर कशी लिहू?

शनिवारी आमच्या कॉलनीत हस्तकला प्रदर्शन आहे. प्रत्येकाने आपल्या कामामागची प्रेरणा चार ओळींत लिहून स्टॉलवर लावायची आहे. मी गोधड्या शिवते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीचे थर, वर जुन्या परकराचे तुकडे, आणि कडेपासून सुरू होऊन चौकोनाचौकोनाने आत जाणारा धावदोरा. मधली शेवटची चौकट बंद करण्याआधी आजी आत चिमूटभर तांदूळ ठेवायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मीही ठेवते. हे कार्डावर लिहू का? की कीड लागेल म्हणून गिऱ्हाईक बिचकेल? माझं मन लिहावं असंच म्हणतंय. आणि एवढी जड गोधडी खिळे न ठोकता टांगायची कशी? तुम्ही स्टॉलवर काय लिहिता, तेही सांगा ना.