अक्कलदाढेची वाढ आणि ओपीजी

प्रश्न (एक पालक, जुळे सोलापूर): माझ्या १५ वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा लावण्यापूर्वी काढलेल्या ओपीजीत (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत) चारही अक्कलदाढा हिरडीखाली दिसतात, मुळे मात्र अपुरी आहेत. वाढ पाहण्यासाठी दरवर्षी एक्स-रे काढावा का?

उत्तर (दंतवैद्य): नको. या दाढेचा माथा साधारणतः १२ ते १६ व्या वर्षी पूर्ण होतो आणि मुळे १८ ते २५ च्या दरम्यान, म्हणून दुखणे, सूज किंवा तारांच्या उपचाराची गरज असेल तेव्हाच पुढचा एक्स-रे काढावा. जुनी फिल्म जपावी, कारण तुलना तिच्याशीच करायची असते.

उत्तर (दंतशास्त्राचा विद्यार्थी): डेमिर्जियन पद्धतीत दाताच्या वाढीचे ए ते एच असे ८ टप्पे मानतात. वयाच्या अंदाजासाठीही ते वापरतात, पण अक्कलदाढ मोठी लहरी!

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात फिल्मचा भरवसा नाही, डिजिटल प्रतही मागून घेते.