मदत हवी आहे: एमईजीत दोन्ही कानांचा प्रतिसाद मेंदूच्या मधोमध का दिसतो?

नमस्कार मंडळी,

एमईजीचा, म्हणजे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजण्याच्या तंत्राचा, डेटा हाताळणारं इथे कुणी असेल तर जरा बघा. यंत्र ३०६ सेन्सरचं (२०४ ग्रेडिओमीटर, १०२ मॅग्नेटोमीटर), विश्लेषण एमएनई-पायथन या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही कानांत एकाच वेळी बीप दिलेली. सेन्सरवर साधारण १०० मिलिसेकंदांना एन१००एम (आवाजाला मेंदूचा ठरावीक प्रतिसाद) अगदी ठसठशीत येतो, डावीउजवीकडे दोन स्वच्छ नकाशे. इथवर सगळं छान.

पण प्रतिसाद मेंदूत कुठून येतो ते शोधायला एलसीएमव्ही बीमफॉर्मर (एकेका जागेचा सिग्नल गाळून काढणारी पद्धत) लावला, की हेश्लच्या वळीजवळ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या श्रवण-कॉर्टेक्सपाशी, दोन ठिपके दिसायचे सोडून खोलवर, मधोमध एकच पुसट डाग! तिथे श्रवणाचं कॉर्टेक्स कुठून असणार? डीएसपीएम या दुसऱ्या पद्धतीने ठिपके दोन येतात, पण टीपकागदावरच्या शाईसारखे थेट शेजारच्या इन्सुला या भागापर्यंत पसरतात.

को-रजिस्ट्रेशन (एमईजी आणि एमआरआयची जुळणी) पुन्हा तपासलं, डोक्यावरचे बिंदू एमआरआयच्या त्वचेवर नीट बसतात. बीईएम (डोक्याचं गणिती मॉडेल) एकाच थराचं आहे. ईईजीसारखी कवटी इथे फारशी आडवी येत नाही, म्हणून तिकडे संशय नाही. संशय आहे तो नॉइज कोव्हेरियन्सवर, म्हणजे सेन्सरांमधला नॉइज एकमेकांशी कसा जोडलेला आहे त्याच्या अंदाजावर. डेटा मॅक्सवेल फिल्टरमधून (बाहेरचा चुंबकीय गोंगाट काढणारा) गेलाय, त्यामुळे रँक, म्हणजे डेटातल्या स्वतंत्र दिशांची संख्या, सत्तरच्या आसपास उरली आहे. वर ०.१ चं रेग्युलरायझेशन (अंदाज स्थिर राहावा म्हणून घातलेली भर). व्हाइटनिंगनंतर (नॉइजच्या मापाने डेटा सारखा केल्यावर) बेसलाइनची, म्हणजे बीपच्या आधीच्या भागाची, जीएफपी (सगळ्या सेन्सरांची मिळून ताकद) १ च्या आसपास हवी, माझी बरीच खाली आहे. मधला डाग यामुळेच का? की बीमफॉर्मरच इथे चालणार नाही?

प्रतिसाद:
दुखणी दोन आहेत, एकात एक घालू नका.

मधला डाग बीमफॉर्मरचा. स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं तो धरून चालतो. तुमची दोन्ही श्रवण-कॉर्टेक्स एकाच तालात चालतात, म्हणून तो दोघांनाही दाबतो. डाव्या अर्ध्या भागाचेच सेन्सर घेऊन चालवा, मग उजव्या. डाग बहुधा जागेवर येईल. खरं तर एन१००एमसाठी दोन द्विध्रुव (बिंदूएवढे विद्युतस्रोत) बसवणं हाच जुना आणि सरळ रस्ता. उगाच बीमफॉर्मर कशाला?

जीएफपी खाली जाते ती रेग्युलरायझेशनमुळे. मॅक्सवेल फिल्टरने रिकाम्या केलेल्या दिशांतही ते नॉइज ओततं. ०.१ काढा, 'श्रंक' पद्धत वापरा, रँक 'इन्फो'मधून घ्या आणि तीच रँक इन्व्हर्स ऑपरेटरलाही द्या. नंतर बेसलाइन पुन्हा बघा आणि आलेख इथे टाका.

डीएसपीएमचा पसारा मात्र त्याने फारसा आटणार नाही. मिनिमम नॉर्म जातीची पद्धत ठिपका पसरवणारच, त्यात श्रवण-कॉर्टेक्स ज्या सिल्व्हियन फटीत आहे तिच्या भिंती समोरासमोर. शिखर कुठे आहे ते बघा, कडा कुठवर जाते ते सोडा.