मागच्या बागेतले खड्डे

ए-१०२ काकू: मोगऱ्याच्या शेजारी पाच खड्डे पडलेत. काल संध्याकाळपर्यंत नव्हते. कुणी केले ते विचारत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पाइपलाइनच्या वेळी जे झालं ते परत नको.

ए-२०३: खड्डे बुजवा आणि फोटो टाका.

बी-३०४: काकू, मीच. मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं मशीन, घेऊन खणत होतो. पाचही बुजवले होते. हिरवळ तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उचलली आणि परत बसवली होती. रात्री कुत्र्यांनी उकरलंय. तरी चूक माझीच, वरून नीट दाबून पाणी मारायला हवं होतं. माफ करा.

बी-४०१: हंडा सापडला का? सगळ्यांचा मेंटेनन्स माफ करून टाका 😄

बी-३०४: हंडा नाही. तीन तासांत फॉइलचे तुकडे ११, कॅनच्या कड्या ६, बाटल्यांची बुचं ९, वायरचा एक तुकडा. एक सिग्नल इतका स्वच्छ होता की गुडघ्यावर बसून हातानं माती काढली. निघालं काय, तर चपटं झालेलं मलमाचं ट्यूब.

सी-२०१ आजोबा: एवढं मशीन घेऊन सोनं कुठलं आणि कचरा कुठला हे कळत नसेल तर उपयोग काय?

बी-३०४: आजोबा, मशीनला धातूचं नाव कळत नाही. त्याची कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यानं धातूत वीज फिरते आणि तिचा प्रतिसाद परत येतो. त्यावरून एक आकडा दिसतो, बस. खिळा बहुतेक वेळा ओळखू येतो, त्याचा आवाज खर्जातला. पण सोन्याची बारीक अंगठी, फॉइल आणि कॅनची कडी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. कचरा नको म्हणून फॉइल वगळलं तर अंगठीही हातची गेली. म्हणून प्रत्येक सिग्नल खणावा लागतो.

ए-१०२ काकू: कुठली अंगठी?

बी-४०१: 🤐

ए-१०२ सूनबाई: आई, माझी. साखरपुड्याची. बागेत बाळाला खेळवताना पडली. बी-३०४ च्या दादांना मीच शोधायला सांगितलं. तुम्हाला सांगणार होते.

ए-१०२ काकू: बरं. घरी बोलू.

ए-२०३: अंगठीचा विषय वेगळा. खड्डे बुजवा आणि फोटो टाका.

सी-२०४: खड्ड्यांवर सकाळपासून चर्चा! माझ्या गाडीला ओरखडा पडला तेव्हा ग्रुप झोपला होता.

बी-४०१: तो ओरखडा तुमच्याच गेटचा आहे, किती वेळा सांगायचं.

सचिव: कृपया विषयाला धरून बोला. बागेखालून विजेची केबल गेली आहे. कमिटीला न विचारता खोदकाम झालं, ही गोष्ट गंभीर आहे. कुणाला काही झालं असतं तर?

बी-३०४: मान्य. विचारायला हवं होतं. केबल मात्र टाळली आहे. एका सरळ रेषेत सलग सिग्नल आले की खाली केबल किंवा पाइप असतो, तिथे खुरपं लावलेलं नाही.

सी-२०१ आजोबा: १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शोधायला टेलिफोनवाले बेल स्वतः असं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ केला असं सांगतात. यंत्रावर किती भरवसा ठेवायचा तो ठेवा.

सी-३०२ ताई: आजोबा, उलटंही झालंय की. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये हॉक्सनला एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याच्या मित्रानं, एरिक लॉज यांनी, डिटेक्टर फिरवला तर रोमन काळातला साठा लागला. सुमारे १५ हजार नाणी, चांदीचे चमचे, दागिने. मला आवडतं ते पुढचं. त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून कुठली वस्तू कशाशेजारी होती हे पुरातत्त्ववाल्यांना जागेवर पाहता आलं. हातोडाही मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ए-२०३: हातोड्याचं कौतुक आहेच. खड्डे बुजवा आणि फोटो टाका.

बी-३०४: आता खरं सांगायचं होतं ते. पाचव्या खड्ड्यात, वीतभर खाली, पितळी घुंगरू सापडलं. बोराएवढं. वर ओवायचा कान झिजून एका बाजूनं कागदासारखा पातळ झालाय, खालच्या चिरेत माती घट्ट बसलीय. हलवलं तर वाजत नाही. आत लोखंडाचा खडा असणार, त्याचा गंज झाला. चिरेच्या कडेला तांबूस डाग दिसतोय. कुठल्या तरी जनावराच्या गळ्यातलं असावं. मला अंगठी हवी होती, पण हे हातात आल्यावर किती तरी वेळ तिथेच बसून राहिलो.

बी-४०१: पॉलिशनं घासा, चकाचक होईल.

बी-३०४: नको, दादा. हिरवा थर घासला तर वरची बारीक नक्षी, असलीच तर, कायमची जाईल. नुसतं कोरडं ठेवलंय. चिठ्ठीवर तारीख, खोली आणि बाकापासूनचं अंतर लिहिलंय. जागा कळली नाही तर हा नुसता पितळेचा तुकडा.

सचिव: सोसायटीच्या जागेत सापडलंय. ऑफिसात जमा करा.

बी-३०४: आजच करतो. आजूबाजूला आणखी जुनं काही लागलं तर मी हात थांबवणार, आणि पुरातत्त्व खात्याला तुम्ही कळवा. आणि हो, खड्डे बुजवले, दाबले, पाणी मारलं. हे पाचही फोटो.

ए-२०३: तिसऱ्यात माती कमी दिसते.

ए-१०२ काकू: घुंगरू पाहिलं मी खाली येऊन. सचिवसाहेब, रविवारी सकाळी परवानगी द्या, मी स्वतः उभी राहीन. मोगऱ्याची मुळं कुठवर गेलीत ते दाखवते, तेवढं सोडून खणा. बाकाच्या डाव्या अंगाला आधी बघा, ती बाळाला घेऊन तिथेच बसते.