मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान: पुस्तक आहे, पण शोधात येत नाही. यादी कशी सुधारावी?

काकांचे_दुकान (सांगली):
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचं पुस्तकांचं दुकान आहे, वेबसाइट मी सांभाळतो. ६,०००च्या आसपास पुस्तकं चढवलीत. निम्मी यादी काकांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेली, ती कन्व्हर्टरने आजच्या युनिकोडमध्ये आणली. बाकीची प्रकाशकांच्या एक्सेलमधून. आता गिऱ्हाईक 'दुःख' शोधतं आणि साइट म्हणते पुस्तक नाही, जे कपाटात समोर दिसतंय. एकच पुस्तक दोनदा-तीनदा दिसतं, किमती वेगळ्या. गुगलवर माल दाखवायच्या मर्चंट सेंटरमध्ये बरीच पुस्तकं 'जीटीआयएन चुकीचा', म्हणजे मालाचा ओळख क्रमांक चुकीचा, म्हणून अडकलीत. एक एजन्सी म्हणते, एआयने सगळी वर्णनं नव्याने लिहून देतो, विक्री वाढेल. द्यावेत का पैसे?

दाखलअंक:
एजन्सीला चहा पाजा आणि परत पाठवा. वर्णन हा शेवटचा रकाना. तुमचे पहिले चारच धड नाहीत.

मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते, आता दुकानांच्या याद्या लावून देते. 'दुःख'चं कोडं सोपं आहे. त्यात विसर्ग हवा, पण टाइप करणारे पुष्कळ जण इंग्रजी कोलन मारतात, 'दु:ख'. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. 'अॅ' आणि 'ॲ' यांचंही तेच. म्हणून रकाने दोन करा. शीर्षक पुस्तकावर छापलंय तसंच ठेवायचं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकावर 'कांहीं' असेल तर 'कांहीं'च. आणि दुसरा, गिऱ्हाइकाला न दिसणारा शोधशब्दांचा रकाना. त्यात आजचं लेखन, इंग्रजी अक्षरांतली दोन-तीन स्पेलिंगं, लेखकाचं टोपणनाव, सगळं कोंबा.

लेखकांची आद्याक्षरं बघा. कुणी टिंब देतं, कुणी टिंब देऊन जागा सोडतं, प्रकाशकाच्या शीटमध्ये आडनाव आधी. एका माणसाचे चार लेखक झालेले असतात. एक रूप पक्कं करा, त्याला क्रमांक द्या आणि पुस्तकाला तो क्रमांक जोडा. अनुवादकाला लेखकाच्या रकान्यात घुसडू नका, त्याचा रकाना वेगळा.

दोनदा दिसणारं पुस्तक लगेच उडवू नका. पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांक, वेगळे असायला हवेत, म्हणजे त्या नोंदी दोनच. साध्या पुनर्मुद्रणाला मात्र जुनाच क्रमांक चालतो, आणि आपल्याकडे पुनर्मुद्रणालाही थाटात 'बारावी आवृत्ती' छापतात. मग आतला मजकूर तोच, किंमत तेवढी वाढलेली. शीर्षकपानाच्या मागचं पान उघडून वाचल्याशिवाय हे उलगडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पोथ्यांचा, आणि परत येतात त्याही पोथ्याच. मूळ की सार्थ? सुटी पानं की बांधीव? अक्षर केवढं? दुकानात आजी पोथी उघडून डोळ्यांजवळ नेऊन बघते. साइटवर तुम्ही नुसता मुखपृष्ठाचा फोटो लावता, त्यावर देव असतो, अक्षर नसतं. आतल्या पानाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. 'मोठा टाइप' या शब्दावर विसंबू नका, ज्याचा त्याचा मोठा टाइप वेगळा.

शून्यएक:
ताईंनी शोधाचं सांगितलंच, मी जीटीआयएनचं सांगतो. पुस्तकाला जीटीआयएन म्हणजे १३ आकडी आयएसबीएन. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल थेट उघडली की तो '९.७८ई+१२' असा दिसतो आणि तसाच सेव्ह केला की मागचे आकडे गेले, परत येत नाहीत. फाइल आयात करताना तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

२००७च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकडी क्रमांक असतो. नुसतं पुढे ९७८ चिकटवून भागत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो. तो काढून उरलेले १२ आकडे आळीपाळीने १ आणि ३ने गुणा, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात तो नवा अंक. आयएसबीएन मुळातच नसलेल्या जुन्या पुस्तकांना मर्चंट सेंटरच्या 'आयडेंटिफायर एक्झिस्ट्स' रकान्यात 'नो'. दुकानाचा स्वतःचा बारकोड तिथे टाकू नका.

आणि 'ऱ्य'. तो दोन प्रकारे टाइप होतो: ऱ वापरून, किंवा साध्या र्‌पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डेव्हलपर ती न दिसणारी चिन्हं सरसकट पुसतात आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. पुसू नका, सगळीकडे ऱ करून घ्या. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत, हे करत नाही, कोलन-विसर्ग आणि ॲसुद्धा नाही. बदलाचा तक्ता आपणच लिहायचा, आणि तो यादीलाही लावायचा, गिऱ्हाइकाने टाइप केलेल्यालाही.

मेलबर्नकर:
गिऱ्हाईक म्हणून एक. पानं आणि वजन ग्रॅममध्ये द्या हो. इकडे टपालखर्च वजनावर ठरतो. वजन नसेल तर मी पुस्तक टोपलीत टाकतच नाही.

काकांचे_दुकान:
ताई, ६,००० पुस्तकं उघडून बघायची म्हणजे वर्ष जाईल. सुरुवात कुठून करू?

दाखलअंक:
सगळी कशाला? परत आलेली आधी, मग गेल्या वर्षी विकलेली. साइटवर कोणते शोध रिकामे गेले त्याची नोंद मिळते का बघा. मिळत असेल तर शोधशब्दांचा रकाना गिऱ्हाईकच भरून देतंय. नवं पार्सल आलं की नोंद झाल्याशिवाय कपाटात नाही. श्रीलिपीतून आलेल्या नोंदींत रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, त्या फाँटात ती मागेपुढे असतात, कन्व्हर्टर तिथेच घसरतात. मूळ फाइल जपून ठेवा. काकांना शेजारी बसवा, कोणती आवृत्ती कुठल्या कपाटात ते त्यांनाच ठाऊक असणार.

वर्णनाला मलपृष्ठावरचा मजकूर बराच झाला. पुस्तक न उघडता लिहिलेलं कथानक वाचकाच्या लगेच लक्षात येतं.

काकांचे_दुकान:
मग पोथ्यांपासून करतो. बांधणीच्या रकान्यात सॉफ्टवेअर दोनच पर्याय देतंय, हार्डकव्हर आणि पेपरबॅक. सुट्या पानांचं काय?

दाखलअंक:
तिसरा पर्याय घाला. 'सुटी पाने'.